दिवसा चमकदार कपडे घालायचे असतील तर

प्रश्न पुण्यातल्या एका नोकरदार ताईंचा आहे. त्या लिहितात: "मला चमकणारं कापड मनापासून आवडतं. कपाटात गडद हिरवा सॅटिनचा शर्ट आहे, रुपेरी प्लीट्सचा स्कर्ट आहे, टिकल्यांचं जॅकेट आहे आणि आईची जुनी सोनेरी टिश्यूची साडी आहे. यातलं काहीही दिवसा घातलं की घरात कुणीतरी विचारतंच, कुणाचं लग्न आहे का? ऑफिसला, मुलाच्या शाळेत, शनिवारी दुपारी जेवायला जाताना हे घालता येईल का? आणि आईची साडी कापून कुर्ता शिवू का?"

ताई, घालता येईल. चारपैकी तीन गोष्टी तुम्ही भर दुपारीही घालू शकता. टिकल्यांचं जॅकेट मात्र संध्याकाळसाठी ठेवा, त्याचं कारण पुढे सांगते. कपडे शिवण्यात आणि बायकांना कापड निवडून देण्यात माझं आयुष्य गेलंय, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपात सतत येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांच्या त्या प्रश्नाकडे बघू. दिवसा चमकायचं नाही, अशी आपल्याकडे रीत कधीच नव्हती. मराठी लग्नाचे मुहूर्त बहुतेक सकाळचे नाहीतर दुपारचे, म्हणजे पैठणी आपण पिढ्यान्‌पिढ्या दिवसाउजेडीच बघत आलोय. गुढीपाडव्याला गिरगावात आणि डोंबिवलीत शोभायात्रा निघतात त्या सकाळच्या उन्हात, आणि नऊवारीची जर तिथे किती सुंदर दिसते ते सगळ्यांना ठाऊक आहे. केरळात ओणमला नेसतात ती कसवू साडी बघा: न रंगवलेलं पांढुरकं सुती अंग आणि सोनेरी जरीचा काठ. आपल्याकडच्या बंजारा बायकांच्या पारंपरिक पोशाखात आरसे आणि नाणी भरलेली असतात आणि तो पोशाख घालून त्या उन्हातान्हात कष्ट करत आल्या आहेत. चमक आणि ऊन यांचं वैर नाही.

मग लग्नाची आठवण का होते? कारण आपण चमकदार कपडा एकटा घालत नाही. सोनेरी साडी आली की ब्लाऊज जरीचं, कानात झुमके, हातात खड्यांच्या बांगड्या, सोनेरी चप्पल, वर क्लच. हा सगळा जोड समारंभाचा आहे आणि बघणाऱ्याला तो जोड ओळखू येतो. तुमच्या शर्टात किंवा स्कर्टमध्ये लग्न नाही, जोडात आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे जोड मोडायचा. चमकदार एकच वस्तू, आणि तिच्या शेजारी जे येईल ते मुद्दाम साधं, थोडं खरखरीत, रोजच्या वापरातलं: खादी, धुऊन फिकी पडलेली जीन्स, मलमलचा कुर्ता, जाड सुती शर्ट, चामड्याची साधी कोल्हापुरी, कॅनव्हासची पिशवी. "साधं" म्हणजे फक्त फिका रंग असं समजू नका. पॉलिस्टरची गुळगुळीत बेज पँट रंगाने साधी असली तरी तिलाही तकाकी असते, आणि सॅटिनशेजारी दोन तकाक्या एकमेकींना मारतात. शेजारच्या कपड्याला हात लावल्यावर बोटांना पोत जाणवला पाहिजे.

दुसरं काम कापडाची निवड, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण बाजारात "शायनी" या एका नावाखाली अगदी वेगवेगळी कापडं विकली जातात.

सूर्य हा एकाच जागेवरून येणारा प्रखर उजेड आहे. गुळगुळीत कापडावर तो पडला की एका ठिकाणी लखकन पांढरा पट्टा उठतो आणि बाकीचं कापड त्याच्यापुढे काळवंडतं. समारंभाच्या हॉलमध्ये दिवे चहूबाजूंनी असतात, तिथे चमक वाटली जाते, म्हणून तेच कापड तिथे गोड दिसतं. दिवसा शोभतं ते कापड जे उजेड फोडून पसरवतं.

हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. ठाणातलं कापड घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात जायचं. आपल्या आया साडी घेताना हेच करायच्या आणि त्यांचं बरोबर होतं; दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली काहीच कळत नाही. दारात उभं राहून कापड मुठीवर ताणून धरा आणि मूठ हळूहळू फिरवा. मुठीच्या गोलाईवर उजेडाची रेघ दिसेल. ती रेघ बारीक, पांढरीशुभ्र आणि कडेला धारदार असेल, तर ते कापड रात्रीचं. रेघ रुंद असेल, तिच्या कडा विरघळल्यासारख्या असतील आणि तिच्यात कापडाचाच रंग थोडा उजळ होऊन दिसत असेल, तर खुशाल दिवसा घाला. लक्ष्मी रोडवर असा किंवा मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये, या तपासणीला कुणी नाही म्हणत नाही.

हा फरक कशाने पडतो? सॅटिन ही विणण्याची पद्धत आहे. तिच्यात ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा बाण्याच्या, म्हणजे आडव्या, चार किंवा सात धाग्यांवरून सलग जातो आणि मग एकाखाली शिरतो. वर इतका लांब सुटा धागा आला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चमकतो. आता तो धागा कसला आहे यावर बाकीचं अवलंबून. पॉलिस्टरच्या चकचकीत जातीच्या धाग्याचा छेद मुद्दाम त्रिदली, म्हणजे तीन पाकळ्यांसारखा, ठेवतात, म्हणजे तो जास्त परावर्तन करतो. त्याच पॉलिस्टरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलं की चमक मरते. म्हणून दोन सॅटिनं हाताला सारखी लागली तरी उन्हात एक काचेसारखं दिसतं आणि दुसरं सायीसारखं. मोडाल सॅटिन हे दुसऱ्या जातीचं: लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, मऊ, अंगाला हवा लागू देणारा, चमक खोलातून आल्यासारखी. त्यावर अजरखची, म्हणजे कच्छकडची ठशांची, छपाई केलेलं कापड हल्ली सहज मिळतं आणि दिवसा चमक घालायला सुरुवात करणारीला मी पहिलं तेच सुचवते, कारण छपाईने चमक आपोआप तुकड्या-तुकड्यांत विभागली जाते.

रेशमाचंही असंच. रेशमाच्या तंतूवर मुळात सेरिसिन नावाचा डिंक असतो. तो उकळून काढला की वजन साधारण पाव हिश्शाने घटतं आणि आत दडलेली झळाळी बाहेर येते. चंदेरीसाठी वापरतात त्या रेशमातला डिंक काढत नाहीत, म्हणून चंदेरी पारदर्शक, जराशी कडक आणि दवासारखी चमकणारी होते. टसर खडबडीत असल्याने तिची चमक कोरडी. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे चमक निम्मी आणि आराम दुप्पट. दिवसासाठी ही तिन्ही कापडं उत्तम आहेत.

माझं लाडकं कापड मात्र मशरू. गुजरातेत पाटण आणि मांडवीकडे विणतात. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण सॅटिनची, म्हणजे वरच्या अंगाला जवळजवळ सगळं रेशीम दिसतं आणि आतल्या अंगाला सूत. शुद्ध रेशीम अंगाला लागू नये असा दंडक पाळणाऱ्या मुस्लिम घरांसाठी ही वीण रूढ झाली. उन्हाळ्यात घाम सूत टिपतं आणि बाहेर चमक तशीच राहते. त्यावरचे बारीक उभे पट्टे चमकेला बांधून ठेवतात. हल्ली मशरू म्हणून रेशमाऐवजी रेयॉनचं कापडही विकतात. तेही वाईट नाही, पण किंमत त्या हिशेबाने द्या. मशरूची बिनबाह्यांची कुर्ती आणि खाली खादीची सैल सलवार हा पोशाख ऑफिसातल्या कुठल्याही बैठकीत बसेल.

आणि घरचा खण विसरू नका. गुळेदगुड्डचा खण सूत-रेशमाचा, बारीक बुट्ट्यांचा, कडेला काठ. बुट्टी इतकी दाट असते की चमक कुठे एका जागी साचतच नाही. खणाचं ब्लाऊज आणि साधी सुती साडी, किंवा खणाचा शर्ट आणि जीन्स. यावर लग्नाचा प्रश्न कुणी विचारणार नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. गडद कापडावर उजेडाची रेघ आणि मूळ रंग यांच्यातला फरक सगळ्यात मोठा दिसतो, म्हणून काळं, गडद निळं, बाटली-हिरवं सॅटिन दुपारी फार तीव्र वाटतं. वाळूचा रंग, मोतिया, फिका जांभळा, शेवाळी, गंजका केशरी यांत चमक रंगात मिसळून जाते. धूपछाव कापड, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, याला तर ऊनच हवं असतं. अंजिरी-हिरवी धूपछाव साडी ट्यूबलाइटखाली मलूल दिसते आणि अंगणात आली की जिवंत होते.

आता तुमचं कपाट.

हिरवा सॅटिनचा शर्ट. गडद आहे, म्हणजे अवघड बाजूचा. तो बटणं लावून, खोचून घालू नका. पांढऱ्या किंवा राखाडी सुती टी-शर्टवर उघडा सोडा, बाह्या कोपरापर्यंत दुमडा, खाली फिकी जीन्स. उघडा शर्ट हलत राहतो, त्याच्या घड्या मोडत राहतात आणि चमक एका जागी ठरत नाही. शिवाय अंगाला सूत लागतं. हे महत्त्वाचं, कारण पॉलिस्टर सॅटिनवर काखेतला घाम असा उठतो की झाकता येत नाही. चमकदार कापड चेहऱ्याजवळ आलं की त्याचा उजेड हनुवटीखाली आणि गळ्यावर पडतो. आतला टी-शर्ट तोही अडवतो. ऑफिसला घालायचा असेल तर पावसाळ्यातला ढगाळ दिवस निवडा. ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो आणि हाच शर्ट मऊ दिसतो. फक्त छत्री बरोबर ठेवा. आणि शर्ट रेशमी सॅटिनचा असेल तर पावसाचे थेंब डाग सोडतात, तेव्हा कोरडा दिवस बरा.

पुढच्या वेळी सॅटिन शिवून घेणार असाल तर एक गोष्ट शिंप्याला सांगा: कापड उलटं वापरायचं. सॅटिनची मागची बाजू मंद असते. ती बाहेर ठेवायची आणि चकचकीत बाजू फक्त कॉलरच्या आत, बाहीच्या दुमडीत आणि पुढच्या पट्टीत दाखवायची. चालताना, हात वर करताना तेवढी झळक दिसते. ज्यांना चमक आवडते पण धीर होत नाही, त्यांना मी असाच शर्ट शिवून देते आणि तो त्या सर्रास वापरतात.

फिटिंगचं इथेच सांगून टाकते, कारण दिवसा चमकदार कपडा फसतो तो जास्त करून फिटिंगमध्ये. सुती कपडा छातीवर जरा ताणला तर चालून जातं. सॅटिनवर तोच ताण उजेडाच्या आडव्या रेघा होऊन दिसतो. दंडाजवळ, पोटाजवळ, मुंढ्याशी पडलेली प्रत्येक सळ लांबून वाचता येते. छातीला अंगमापापेक्षा चार-पाच इंच जास्त ठेवा. पुढचे, मागचे आणि बाहीचे सगळे भाग एकाच दिशेने कापायला सांगा. कापड वाचवायला एखादा भाग उलटा टाकला तर उन्हात तो वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि ही चूक शिवून झाल्यावर दुरुस्त होत नाही. सुई बारीक हवी, नऊ किंवा अकरा नंबरची आणि नवी. बोथट सुईने धागा ओढला जातो, शिवण चुरमडते आणि उसवलं तरी भोकं राहतात. इस्त्री उलट्या बाजूने, मंद, वर सुती कापड ठेवून.

रुपेरी प्लीट्सचा स्कर्ट. तुमच्या कपाटातली दिवसासाठी सगळ्यात सोपी वस्तू हीच आहे. प्रत्येक प्लीटवर उजेड फक्त कडेला लागतो, त्यामुळे मोठा चकाकता पट्टा न होता बारीक उभ्या रेघा होतात. चमक चेहऱ्यापासून लांब, कमरेखाली. वर पांढरा सुती शर्ट, थोडा मोठाच, पुढून अर्धा खोचलेला. किंवा इंडिगो छपाईचा छोटा कुर्ता. पायात कोल्हापुरी किंवा पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेत जायला हा पोशाख मला फार आवडेल. आत सुती परकर किंवा अस्तर असू द्या, नाहीतर हे कापड पायांना चिकटतं. प्लीट्सवर इस्त्री फिरवू नका. त्या उष्णतेने बसवलेल्या असतात आणि एकदा सपाट झाल्या की घरी परत बसत नाहीत. धुऊन झाल्यावर उभा टांगून वाळवा.

टिकल्यांचं जॅकेट. प्रत्येक टिकली हा सपाट छोटा आरसा आहे आणि तो सुटा हलतो. उन्हात त्या एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उजेड फेकतात, समोरच्याच्या डोळ्यांवर फेकतात, आणि कापडाचा रंग, शिवण, तुम्ही, सगळं त्यामागे हरवतं. तुम्ही म्हणाल, मग आरसेकाम कसं चालतं? कच्छी भरतातला एखादा आरसा जवळून बघा. त्याच्याभोवती जाड, चमक नसलेल्या दोऱ्याचं कडं असतं, आरशाची कड टाक्यांखाली दाबलेली असते, दोन आरशांमध्ये भरतकामाची भरपूर जागा असते आणि खाली बहुतेक वेळा जाडं सुती कापड असतं. चमक लहान आहे, बांधलेली आहे, तिला साधेपणाचं कोंदण आहे. टिकल्यांच्या जॅकेटला यातलं काहीच नाही. दिवे लागल्यावर ते काळ्या सुती टी-शर्टवर घाला, छान दिसेल. दिवसाच चमचमतं हवं असेल तर आरसेकामाचं सुती जॅकेट घ्या.

दागिन्यांचं एवढंच की खडे नकोत. मोत्याची कुडी, साधं मंगळसूत्र, घड्याळ पुरे. घरातल्या पुरुषांसाठी कुणी विचारलं तर टसरचा कुर्ता जीन्सवर, किंवा मशरूचं जॅकेट सुती कुर्त्यावर. लुरेक्सचा, म्हणजे धातूसारखा चकाकणारा, धागा असलेला शर्ट दुपारी नको.

राहिली आईची साडी. कात्री लावण्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक, जर कसली आहे. टिश्यूमध्ये बाणाच जरीचा असतो, म्हणजे सगळी साडी जरीवर उभी आहे. खऱ्या जरीत चांदीची बारीक तार चपटी करून धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचं पाणी देतात. टेस्टेड जरीत तार तांब्याची असते. प्लॅस्टिक जरीत धातूचा थर दिलेली पॉलिस्टरची पट्टी असते. पदराच्या टोकाचा सुटलेला एखादा धागा काढून जाळून बघा. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिक. झाला नाही तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि बोहारणीला तर मुळीच देऊ नका. चांदीच्या जरीच्या जुन्या साडीला नुसत्या चांदीचीसुद्धा किंमत येते.

दोन, घड्यांची अवस्था. साडी उलगडून खिडकीसमोर धरा. जुन्या घडीवर उजेडाच्या सरळ बारीक फटी दिसल्या तर जर तिथे मोडली आहे. फटी नसतील तर घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलका ताण द्या आणि कान द्या; चरचर आली तर थांबा.

साडी धड निघाली तर कापू नका, नेसा. बिनजरीचं सुती ब्लाऊज, तांबूस मातकट रंगाचं किंवा पांढरं, पदर पिन न करता सैल, गळा मोकळा. शनिवारच्या जेवणाला तेवढं पुरतं. घरी आल्यावर सावलीत वारा लागू द्या, मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, घड्या अधूनमधून बदला, आणि अत्तर किंवा स्प्रे जरीवर मारू नका. घामाने आणि स्प्रेने जर काळी पडते.

घड्यांवर मोडली असेल तर मात्र कापायला हरकत नाही, पण कुर्ता नको. कुर्त्यात काखेला घाम लागतो आणि बसताना मांडीवर ताण येतो. टिश्यू दोन्ही सोसत नाही. गुडघ्यापर्यंतचं, बिनबाह्यांचं, पुढून उघडं जॅकेट शिवा. मोडलेल्या घड्या बाजूला ठेवून मधले धड पट्टे कापा, त्याआधी सगळ्या कापडाला आतून मलमलचं अस्तर कच्च्या टाक्याने जोडून घ्या, म्हणजे ताण अस्तर घेईल. मुंढे खोल ठेवा. पदर आणि काठ अखंड काढून वेगळे ठेवा, त्यांना आत्ता हात लावू नका. हे जॅकेट पांढऱ्या सुती कुर्त्यावर आणि जीन्सवर घालायचं. शिंप्याकडे देताना त्याला आधी उरलेल्या तुकड्यावर शिलाई मारून दाखवायला सांगा; धागे सरकत असतील तर शिवणीला पाऊण इंच तरी माया ठेवायला लावा.